आधी उंदरांना

बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आणि त्याला कारण मी आहे, असं आई फोनवर म्हणाली. मी तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. दुसऱ्याच दिवशी गावाकडची, चिखलीची एसटी धरली. रागात असले की माझा प्रवास लवकर सरतो.

आमच्या बाबांना नव्या वाणाचा भारी सोस. गावात बोंडअळीला दाद न देणारा बीटी कापूस पहिल्यांदा पेरला तो त्यांनी. पाला खाऊन ढोरं मरतील, असं लोक सांगत होते. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही आणि सुरुवातीची काही वर्षं आमच्या घरात कापूस ठेवायला जागा पुरली नाही. पुढे त्याच बीटीवर गुलाबी बोंडअळी पडली. लोकांनी उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घातले, आणि बाबा कृषी केंद्रात जाऊन नवं वाण कधी येणार ते विचारत होते. एका वर्षी तर येणार-येणार म्हणून ऐकलेल्या बियाण्यासाठी त्यांनी पेरणीच थांबवली. शेजाऱ्यांची कपाशी वर आली तरी आमचं वावर काळंच. हट्ट आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर चढवलेला आहे. माझ्याही वाट्याला भरपूर आला.

काही महिन्यांपूर्वी बाजारात कापसाचं गाठोडं उतरवताना त्यांच्या छातीत कळ आली होती. हृदयाची रक्तवाहिनी चरबीने अरुंद झालेली. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली, आणि यांनी ती बंद केली.

बाबा ओट्यावर बसले होते. चप्पल काढायच्या आधीच मी विचारलं, "गोळी काऊन सोडली?"

"तू नवं औषध काढून राह्यली ना? मंग जुनं काऊन खाऊ? येऊ दे तुह्यं. म्या थांबतो."

मला हसू आलं आणि रडूही. शेजारी बसून मी सगळं समजावलं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल साचतं. ते बाहेर ढकलणारं एक प्रथिन पेशीतच तयार होतं. पण मायक्रोआरएनए नावाचा एक इवलासा रेणू ते फार बनू देत नाही. आम्ही त्या रेणूलाच जखडून ठेवतो. मग प्रथिन वाढतं आणि साचलेलं कोलेस्टेरॉल रक्तावाटे यकृताकडे जातं, तिथून शरीराबाहेर.

"म्हंजे बीटीसारखा नवा जीन घालत नाही?"

"नाही. आंगात हाये त्याच जीनच्या तोंडावरचा हात काढतो."

"मंग गुण येते काय?"

"उंदराईले आला."

बाबा ताठ झाले. "कोठीतलं धान्य खातात, त्याईले आधी? अन् बापाले नाही?"

उंदरात हा रेणू एकटाच असतो, माणसात त्याचा एक जोडीदारही असतो. दोघांना जखडलं तर यकृताला अपाय होत नाही ना, हे बघायला वर्षं लागतात, असं मी सांगितलं.

"थांबतो म्हनलं ना."

मग मात्र माझा ताबा सुटला. "थांबाले मानूस जित्ता लागते, बाबा! माह्यं औषध येईन, मले खात्री हाये. आल्यावर मी ते कोनाले देऊ?"

बाबांच्या मरणाचं मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर बोलले होते, आणि मलाच भीती वाटली. ते उठून आत गेले. आईने गोळ्यांची पट्टी जपून ठेवली होती. त्यांनी एक गोळी काढली आणि पाण्याची वाट न बघता गिळली.

"ही तोवरची," म्हणाले.

ते औषध अजून आलेलं नाही. येईल. मी त्याच्यावरच काम करते आणि उगीच सांगत नाही. बाबा अजूनही फोनवर विचारतात, "आलं का?" मी नाही म्हटलं की तिकडून लगेच समजूत येते.

"मंग घाई नको करू, बाई. पक्कं तपासून घे. आजची खाल्ली म्या."