गिव्ह अप शिकवणारे सर

मुलीच्या सासरी इंग्रजी बोलतात, म्हणून बायकोनं मला पन्नाशीत लकडगंजातल्या इंग्रजीच्या क्लासला धाडलं. सर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच शिकवत. त्यांचं इंग्रजी मराठीसारखंच ऐकू येई, त्यामुळे मला धीर वाटे. माझ्याही गालात तोच माल असायचा.

‘गिव्ह अप’ त्यांचं लाडकं. “हार मानली, गिव्ह अप. बसमध्ये म्हातारीले जागा देली, गिव्ह अप. अन् व्यसन सोडलं, तेबी गिव्ह अप. करा वाक्य, भाऊ.”

“सर गेव्ह अप खर्रा,” मी म्हणालो.

क्लास हसला. सरही हसले, तोंड मिटूनच. “वाक्य बरोबर हाय, गोष्ट खोटी हाय.”

शेवटच्या दिवशी आम्ही सरांना गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला नेलं. त्यांनी पुरी ओठांशी नेली, पण ती आत जाईना. मग द्रोणात फोडून त्यांनी तिचे तुकडे खाल्ले.

“काहून सर?”

“तोंड उघडून नाही राहिलं भाऊ. डाक्टर म्हणते, खर्रा सोडा आता, नाही तं नळीनं जेवा.”



परतताना सर पानठेल्याशी थांबले. ठेलेवाल्यानं न विचारताच खर्रा घोटायला घेतला.

“दोन कर,” सर म्हणाले.

दुसरा माझ्यासाठी होता. घरी गेल्यावर आरशात आपलं तोंड किती उघडतं ते बघायचं, असं मी ठरवलं आणि हात पुढे केला.