जावईबापूंची गोळी

"माणूस लाखाचा हाय हो, गोळीच हरामखोर," पप्पांचे थोरले भाऊ, मोठेबाबा म्हणाले, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली मी बैठकीच्या दारातच थांबले.

भाऊजी ताईला परत न्यायला सुलतानपूरहून आमच्याकडे, जळगाव जामोदला आले होते. ताई परवाच सुजलेला हात पदराखाली झाकून एकटीच बसने आली होती. तिला पाठवायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. आत्ताच पाठवायचं की जेवून, एवढंच ठरत होतं.

भाऊजी कधीतरी मोटारसायकलवरून पडले, तेव्हा डॉक्टरांनी कंबरेसाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. कंबर बरी झाली, गोळ्या चालूच राहिल्या. फाटू नये म्हणून भाऊजींनी चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. मेडिकलवाल्याला आता तीही दाखवावी लागत नाही. गोळीला उशीर झाला की मात्र हात उठतो.

मला त्या गोळीचं कौतुक वाटायचं. तिला माणसांची केवढी पारख! साहेबांपुढे ती भाऊजींचा आवाज चढू देत नाही, पोलिसापुढे हात जोडायला लावते, आमच्या पप्पांच्या तर पाया पडते. घरात ताई एकटी असली आणि दार लागलं, की मगच ती भडकते.

"मंग पोरीनंच येळेवर गोळी द्याव ना," आत्या म्हणाली. "नवऱ्याकडे ध्यान नको का?"

"हाव, डब्बाच देऊन टाकू तिच्या हाती!" मोठेबाबांनी री ओढली.

उपाय सापडला म्हणून सगळे सैलावले. भाऊजींनी नम्रपणे मान डोलावली. आई ओटीचं सामान काढायला उठली. ताई कोपऱ्यात बसून सुजलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं सरळ करू पाहत होती. ती सरळ होत नव्हती.

"ये वं कॉन्व्हेंटवाली," मोठेबाबांनी गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली. "वाच बरं. यानं राग येते असं लिवलं असन ना इंग्लिशमंधी?"

शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून आणि घरी मराठीला हसतील म्हणून मी गप्प राहायला शिकले होते. पट्टीवर औषधाचं नाव होतं, चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना होती. बायकोबद्दल अक्षरही नव्हतं.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी पट्टी ट्रेमध्ये ठेवली.

"भाऊजी, तुम्ही एकटेच निघा. ताईला मी दवाखान्यात नेतेय, आणि हात कशानं सुजला ते डॉक्टरांना खरं सांगणार आहे."