न उजळलेले ठिपके

कोटांना अस्तर लावण्यात तिचा हात धरणारं शिंप्याच्या दुकानात कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला अस्तरवालीच म्हणत. सुई दिवसातून चारदा टोचायची. थेंब यायचा, बोट तोंडात जायचं, थेंब थांबायचा. त्यामुळे दाढ काढल्यावर तीन दिवस रक्त वाहत राहिलं, तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना.

लेकीच्या बाळंतपणात तर ती जाता जाता राहिली. त्या दिवसांतलं तिला एवढंच आठवायचं, की खाट होडीसारखी डुलत होती, खिडकीतला उजेड सायीसारखा दाटला होता आणि आपण हलके हलके होत चाललोय याची भीती म्हणून वाटत नव्हती. रक्ताच्या तपासण्या मात्र दर वेळी ठीक यायच्या. सासूबाई म्हणायच्या, काहींचा जीवच नाजूक असतो. हळूहळू तिलाही ते पटलं.

चाळिशीत पित्ताशयात खडे निघाले. तिची हकिकत ऐकून शस्त्रक्रियेचे डॉक्टर बिचकले. त्यांनी तिला रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर तिच्या रक्ताचा पिच्छा पुरवला आणि एका दुपारी तिला अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

आधी दुसऱ्या कुणाच्या तरी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, दाखवल्या. काळ्याभोर पाण्यात हिरवे ठिपके एकेक करून उजळत होते. ती भान हरपून बघत राहिली. मग तिच्या स्वतःच्या. नुसता अंधार.

बाईंनी समजावलं. पेशीच्या आवरणात चरबीच्या कणांचे दोन पदर असतात. आतल्या पदरातले कण वेगळे, बाहेरचे वेगळे. एरवी पेशी त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. जखम झाली की प्लेटलेट ही शिस्त आपणहून मोडतात. आतले काही कण बाहेर येतात आणि त्यांच्यावरच रक्त घट्ट गोठतं. तपासणीसाठी घातलेला चमकता हिरवा रंग चिकटतो तो त्याच कणांना.

"तुमच्या प्लेटलेट जखमेवर जमतात, बारीक भोक बुजवतात," बाई म्हणाल्या. "पण आतले कण बाहेर सोडणारी वाटच उघडत नाही. जन्मापासून."

"म्हणजे माझं आतलं बाहेर येत नाही," ती म्हणाली. "हे माझ्या नवऱ्याला विचारलं असतंत तरी त्यानं सांगितलं असतं."

बाई हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

दुसऱ्यांच्या प्लेटलेट चढवून शस्त्रक्रिया झाली. भूल चढताना तिला वाटलं, अनोळखी माणसांचे हिरवे ठिपके आपल्या अंगात पोहत निघालेत आणि कुठं जायचं ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. जागी झाली तेव्हा पट्टी कोरडी होती.

धाकट्या बहिणीला सहावा महिना होता. हा दोष भावंडांतही असू शकतो, म्हणून हिनं हट्टानं तिची तपासणी करवली. तिचंही तेच निघालं. कळा सुरू झाल्या तेव्हा प्लेटलेटच्या पिशव्या तयारच होत्या. मुलगा झाला, रक्त जेवढं जायचं तेवढंच गेलं. नर्स बातमी सांगायला बाहेर आली, तर अस्तरवालीला बाकावर गाढ झोप लागली होती.