दाजीबांचा तांब्या

जुनी माणसं एकत्र बसली की किस्से शेंगांसारखे, एक सोलला की दुसरा हाताला लागतोच. आमचे बहुतेक सगळे पाटोद्याच्या हकीमसाहेबांच्या ओट्यावरचे. राज्य निजामाचं होतं. ओट्यावर आम्ही सगळ्या जातीधर्माचे बसायचो, फक्त पाण्याचं भांडं ज्याचं त्याचं. तेव्हाची रीतच तशी.

आमच्यातल्या दाजीबांचं यकृत बिघडलं. पोटात पाणी झालं, पायात वहाण चढेना. हकीमसाहेबांनी मीठ तोडलं आणि पाण्याला माप लावलं. सकाळी तांब्या भरायचा, तो दुसऱ्या सकाळपर्यंत पुरवायचा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नातवंड मांडीवर घेईपर्यंत जगायचं, एवढंच दाजीबांचं मागणं होतं.

तांब्या पुरायचा, तरी सूज वाढली. हकीमसाहेबांनी खोदून विचारलं, तेव्हा ताक, उसाचा रस आणि अख्खं टरबूज बाहेर आलं. दाजीबा शपथेवर म्हणाले, "पन पानी थेंबभर जास्त पिलो न्हाई!" तेव्हापासून ताकसुद्धा तांब्यातून वजा होऊ लागलं.

पुढे ते कपिलधारच्या धबधब्याला दर्शनाला गेले आणि पाय टम्म फुगवून आले. धारेखाली ओंजळीच्या ओंजळी रिचवल्या होत्या.

"ते तीर्थ हाय, हकीमसाहेब. तीर्थाला माप लावलं तर देव काय म्हनंल?"

"देव कायबी म्हननार न्हाई, दाजीबा. पाय म्हनायलेत."

मग दाजीबांच्या बायकोने घरोघर निरोप धाडला की यांच्यापुढे गूळपाणी आणू नका. लोकांनी पाणी बंद केलं, पण पाहुण्याला तसं कसं बसवायचं म्हणून नुसता गूळ पुढे करायला लागले! दाजीबा भिडस्त. गूळ खाऊन तहानेने कासावीस होऊन यायचे, आणि आम्ही निर्लज्जासारखे हसायचो.

त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला. हकीमसाहेबांचे रोजे. आपल्यासारखाच तहानेला जोडीदार मिळाला म्हणून दाजीबा खूश. दिवस मावळला की हकीमसाहेब पेला उचलत आणि दाजीबा तांब्यात राखून ठेवलेले घोट घेत. महिनाभरात सूज बरीच उतरली.

ईद झाली तसे दाजीबा मलूल झाले. म्हणाले, "तुमी सुटलात. आता मी एकटाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी हकीमसाहेबांसाठी घरातून पाणी आलं. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि नाड्या बघत राहिले. दिवस मावळल्यावर दाजीबांनी तांब्या तोंडाला लावला, तेव्हाच त्यांनी पेला उचलला. मग हे रोजचंच झालं.  

नात झाली. बारशाला हकीमसाहेब आले, दाजीबांच्या शेजारी टेकले. पोर आजोबांच्या मांडीवर होती. दिवस मावळला. दाजीबांनी आपला तांब्या हकीमसाहेबांपुढे सरकवला. हकीमसाहेब उठायला लागले, पेला घरी राहिला म्हणाले.

"पेला कशाला?" दाजीबा म्हणाले. "ह्यातनंच प्या. आज आदी तुमी."