मोतद्दाराचा हात

आमच्या साहेबांना शुद्ध स्पॅनिश घोडा घ्यायचा होता, म्हणून दर शनिवारी मी त्यांच्यासोबत दुबईबाहेरच्या एका तबेल्यात जाई. तिथला मोतद्दार साताऱ्याकडचा. घोडा बाहेर काढला की आधी तो वाकून चारही पाय चाचपायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. "हे केल्याशिवाय चैन पडत नाही, दादा," म्हणायचा.

सौद्याच्या दिवशी तबेल्याच्या मालकाने घोड्याच्या सात पिढ्यांची चामडी फाईल उघडली. साहेबांना स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता आलं नसतं, पण ते मन लावून वाचत होते.

"आज पैर छोड़ो. यल्ला, चलाके दिखाओ," मालक म्हणाला.

मोतद्दाराचा व्हिसा त्याच मालकाच्या हातात होता. तरी तो वाकला. पुढच्या डाव्या पायावर त्याचा हात थांबला, तिथून हलेना. शेवटी साहेबांनीही हात लावला. पाय गरम होता, म्हणजे आत दुखापत होती.

"आज ही करना था?" मालकाने विचारलं.

"साब, रोज करता हूँ."

सौदा मोडला. पुढच्या शनिवारी मालकाने दुसरा घोडा दाखवायला बोलावलं. लगाम नव्या माणसाच्या हातात होता. त्याने घोडा ऐटीत फिरवला. पायांना कोणी हात लावला नाही. साहेब फाईल वाचत होते.