गळ्यातलं आभाळ

अगं सुमे, ही चिठ्ठी वाचता वाचता जरा जवळ सरक बघू. किती दिवस स्वतःलाच बोल लावत बसशील? चिऊच्या गळ्याची सोनोग्राफी चालली होती तेव्हा मी पडद्याकडेच बघत होते. करडं आभाळ संथ सरकत होतं आणि थायरॉईडपाशी एक काळा ढग थांबलेला.

"आजी, माझ्यात पाऊस आहे?" तुझी नऊ वर्षांची पोर विचारत होती.

आपल्याकडे मूल जन्मलं की नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं अशी वाटणी होते. तू तर कॅन्सरची गाठही स्वतःच्या नावावर घेतलीस! डॉक्टरांनी गाठ आणि रक्त दोन्ही तपासून सांगितलं ना, जनुकातला बदल त्या गाठीतच झालाय, आईकडून आलेला नाही?

ऑपरेशनआधी दोन दिवस तिला घेऊन ये. तूही माझ्या कुशीत झोप, लेक आहेस माझी. ये गं लवकर.