पॉवर दोन, प्री एक

माझ्या नवऱ्याचे कान गेलेत हे आधी मला कळलं, आणि बराच काळ ते मलाच माहीत होतं. फोडणीत मोहरी तडतडली तर त्याला धूर दिसल्यावर कळायचं. मागून सायकलची घंटी वाजली तरी तो बाजूला व्हायचा नाही. पण जाड आवाज त्याला सगळे ऐकू येत. ट्राम, ढोल, शेजारच्या म्हाताऱ्याचं घोरणं. म्हणून कोणाला संशय आला नाही. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. इथे ‘तो’ लिहिते, सोपं पडतं.

तो परळच्या एका गिरणीत साच्यावर होता. साचा म्हणजे माग. साचेखात्यात इतके माग एकदम चालतात की ओरडून उपयोग नसतो. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. दोन रांगा पलीकडच्या माणसाशी भांडण करायचं तरी असंच. लग्न होऊन आले तेव्हा मला हा वेडेपणा वाटला. मग मीही शिकले, कारण घरी आल्यावरही तो तसाच बोलायचा. ह्याच सवयीने त्याचं बहिरेपण झाकलं गेलं. माणूस समोर असला की तो तोंड बघून बरोबर उत्तर द्यायचा. पाठीमागून बोललं की गप्प. लोक म्हणत, आपल्याच नादात असतो.

माझे थोरले दीर गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. लाउडस्पीकरही भाड्याने देत. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज ह्या मैदानात सभा, उद्या त्या नाक्यावर. दुकानातले कर्णे घरी यायचेच नाहीत, एका सभेतून सुटले की दुसरीकडे जायचे. दिरांना माणूस हवा होता. नवरा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन काम शिकला. हात चांगला होता त्याचा. त्याला गिरणी सोडायची होती आणि मलाही ते हवं होतं, त्याच्याहून जास्त. आणखी काही वर्षं साचेखात्यात काढली असती तर जाड आवाजही गेले असते. मग गिरणीतही ठेवला नसता आणि बाहेरही कोणी घेतला नसता. आमच्या पदरात तेव्हा दोन पोरं होती.

अडचण एकच होती. दीर उठताबसता म्हणायचे, “ह्या धंद्यात हात नंतर, कान आधी.”

त्या सुमारास गिरगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी दुकानात काम दिलं. त्यांच्याकडे परदेशातून नव्या तऱ्हेच्या तबकड्या आल्या होत्या. स्टिरिओ म्हणत. एकच गाणं दोन खोक्यांतून, दोन अंगांनी यायचं. दोन खोक्यांना दोन वेगळे अँप्लिफायर हवेत. त्याला दुकानात ‘पॉवर’ म्हणत. त्या दोन्ही पॉवर माझ्या नवऱ्याने बांधल्या, दिरांनी काढून दिलेल्या आकृतीवरून, मीटर लावून. राहिली होती प्री. तबकडीवरच्या सुईतून येणारा आवाज अगदी बारीक असतो. तो आधी प्रीमध्ये जातो, तिथे जरा मोठा आणि साफ होतो, मग पॉवर त्याला जोर देते. प्री जे देईल ते पॉवर वाढवते, चांगलं तसंच वाईटही. म्हणून ती पॉवरला साजेशी हवी.

दुकानात तीन होत्या. एक काळी, परदेशी. एक करडी, दिरांनी स्वतः बांधलेली. तिसरी कुठल्या तरी मोडक्या सेटातून काढलेली. दीर नवऱ्याला म्हणाले, “ह्या तिन्हींतली कुठली बसते ती तू ठरव. मला कर्ण्यांतून सवड नाही. डॉक्टर रविवारी ऐकायला येतील. त्यांना पटली तर गिरणी सोड आणि माझ्याकडे ये. बोर्डावर तुझं नाव घालतो.”

त्याने काळी निवडली. घरी येऊन मला म्हणाला, “आवाज कसा लख्ख येतो. घासलेल्या भांड्यासारखा.”

मी विचारलं, “दुसऱ्या कोणी ऐकली?”

“कोणी कशाला ऐकायला हवी? मला कान नाहीत?”

मी भाकरी थापत राहिले.

रविवारी दुपारी पोरांना जावेकडे ठेवून मी ट्रामने त्याचा डबा घेऊन गेले. दीर कुठल्याशा मैदानात कर्णे बांधायला गेले होते. दुकानात तो एकटाच. दोन्ही खोकी दोन कोपऱ्यांत, मध्ये टेबलावर त्या पॉवर, आणि त्यांच्यापुढे काळी प्री. त्याने बटण दाबलं, वॉल्व्ह तापले. तबकडी अजून लावली नव्हती, आणि मला दोन्ही खोक्यांतून आवाज आला. सूं. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा.

“हे काय वाजतंय?” मी म्हटलं.

त्याने खोक्याला कान लावला. “काही नाही. घूंऽ होती, ती मी काल काढली. तारेचा दोष होता.”

घूं त्याला ऐकू यायची, जाड आवाज ना. दिरांच्याही आधी तो घूं पकडायचा, म्हणून तर त्याच्या कानावर त्यांचा भरवसा बसला होता. ही सूं होती.

“घूं नाही. सूं.”

“बाहेरचं असेल काही.”

मी उठून दुकानाचं दार लावून घेतलं. सूं आतच होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “आवाजाचं बटण पुरं उलटं फिरवा.” फिरवलं. तरी ती होतीच. मग त्याने प्रीची तार काढली आणि दुकान एकदम गप्प झालं. माझ्या तोंडावरून त्याला ते कळलं. तो स्टुलावर बसला. डबा त्याने उघडला नाही.

काळी प्री त्या पॉवरना फार भारी होती. बटण जरा हललं की आवाज अंगावर यायचा आणि सोबत तिची सूं. त्याच्यासाठी त्यात सूं नव्हतीच. त्याला बाकी ठिकाणी ऐकू न येणारे बारीक स्वर तिच्यातून थोडे तरी येत, म्हणून ती लख्ख. इतर माणसांना ती कानात टोचणार होती.

“दुसऱ्या लावा,” मी म्हटलं.

मोडक्या सेटातली लावली. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी गाणं शेजारच्या घरातून आल्यासारखं. मग करडी लावली. सूं नाही, आणि बटण मध्यावर आलं की आवाज पुरेसा. बाईचा गळा मधोमध, तबला एका अंगाला. मी म्हटलं, “हीच.”

“ही दबकी आहे.”

“तुम्हाला दबकी वाटते.”

“आणि ही दादाची स्वतःची. हीच लावली तर म्हणतील, भावाची खुशामत केली.”

“म्हणू देत.”

“तू काय त्यातली शहाणी?”

“मला ऐकू येतं,” मी म्हणाले.

हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले होते. त्याने करडी काढून पुन्हा काळी जोडली.

एवढ्यात दीर आले, खांद्यावर तारेचं वेटोळं, आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टर. मी पदर ओढून दाराशी सरकले. आमच्याकडे धाकटीने थोरल्या दिरासमोर तोंड दाखवायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. त्यांना पाणी हवं असेल तर ते पोरांना सांगायचे, “आईला सांग, पाणी आण.” पदराचं टोक दातात धरून मी उभी राहिले.

डॉक्टर खुर्चीवर बसले, डोळे मिटले. “चालू द्या,” म्हणाले. काळी वाजली. गाणं जोरात होतं तोवर ठीक. हळू झालं तशी सूं वर आली. डॉक्टरांनी एक डोळा उघडला. दीर खोक्याकडे बघू लागले. नवरा बटणावर हात ठेवून उभा, तोंडावर काळजीचं नावही नाही, कारण त्याला सगळं छानच ऐकू येत होतं.

“दुसरी एखादी आहे का?” डॉक्टर म्हणाले.

त्याने करडी लावली. तेच गाणं. डॉक्टर म्हणाले, “पहिलीत जीव जास्त आहे, हिच्यात शांतता. तुम्ही बांधणारे. तुम्ही सांगा, कुठली ठेवू?”

त्याने आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बोलायला हवं होतं आणि माझ्या तोंडावर पदर होता. काळी म्हणाला असता तर डॉक्टर गेले असते, आणि त्यांच्याबरोबर दुकानातली जागा. मी पदर सोडला. दीर समोर असताना तोंड उघडं टाकून ओठ हलवले, आवाज न काढता. करडी. करडी म्हणा.

“करडी,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलवली. पण दिरांनी बघितलं होतं. ते गिरणगावातच वाढलेले, ओठांची भाषा काय असते हे त्यांना कोणी शिकवायला नको. ते सावकाश टेबलाला वळसा घालून नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि साध्या, हलक्या आवाजात, गावच्या बोलीत म्हणाले, “काय रे, तुका ऐकाक येता?”

नवरा करडीची तार गुंडाळत होता. गुंडाळत राहिला.

“मेल्या, मी तुझ्याशी बोलतंय.”

त्याने तारेला गाठ मारली. डॉक्टर त्या दोघांकडे बघत होते. त्याने वर बघितलं, आमची तोंडं बघितली, आणि काहीतरी झालंय एवढं त्याला समजलं. काय झालंय ते समजलं नाही. ते बघवेना, म्हणून मी बोलले.

“भावोजी, त्यांना तोंड दिसल्याशिवाय ऐकू येत नाही. बारीक आवाज तर येतच नाही. प्री मी निवडली.”

दिरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलले हेच त्यांना कानाच्या बातमीइतकं जड गेलं असावं. डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे उलटं असतं. सगळ्यांची तोंडं उघडी, पण एकाला बोलता येत नाही.” त्यांनी करडी ठेवायला सांगितली, दोन्ही पॉवर हातात घेऊन खालून तपासल्या, जोडकाम स्वच्छ आहे म्हणाले, आणि गेले.

मग दीर नवऱ्यासमोर आले. एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे हलवून, बहिऱ्याशी बोलतात तसे बोलले. “पॉवर मीटरवर बांधतात. त्या तू बांध. कर्णे बांध. प्रीला हात लावायचा नाही. यायचं तर ये. बोर्डावर नाव लागणार नाही.”

ट्राममध्ये तो माझ्या शेजारी बसला नाही, दोन बाकं पुढे बसला.

तो दुकानात गेला नाही. पाळीवर जायचा, घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी बोलायला लागले की मान वळवायची, झालं. बहिऱ्या माणसाला भांडण संपवायला एवढं पुरतं. असे कितीतरी दिवस गेले. खाली चौकात सभेचे कर्णे वाजत, ते दिरांचेच असत, आणि हा भिंतीकडे बघत बसे. एकदा संध्याकाळी मी पोरांना गॅलरीत पाठवलं, त्याची चटई भिंतीपासून ओढली आणि तो आणि भिंत ह्यांच्यामध्ये जाऊन बसले. त्याने मान डावीकडे वळवली, मी डावीकडे सरकले. उजवीकडे वळवली, मी उजवीकडे. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

“नाव बोर्डावर नाही लागलं तर काय अडतं?” मी म्हटलं. “साचेखात्यात उरलेले कानही गेले तर पोरांचं कोण बघणार? तुमचा भाऊ? मी लोकांची भांडी घासेन, त्याची लाज नाही. पण तुम्ही मला भांडी घासायला लावलीत हे पोरांना सांगेन.”

“ओरडू नको. चाळ ऐकेल.”

“मी आवाजच काढला नाहीये.”

खरंच काढला नव्हता. नुसते ओठ हलवत होते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “त्यांच्यासमोर पदर सोडलास.”

“सोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडेन.”

“आणि त्यांना भावोजी म्हणालीस.”

“मग काय म्हणायचं होतं?”

“सरक, पाय आखडले,” म्हणाला. मी सरकले नाही. तो त्याच आठवड्यात जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, सांगून आला की आता भावाच्या दुकानात जाणार. गिरणी सुटली तेव्हा त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला झाला.